देखभालीतून रूपांतर : बर्ट मन्रो यांची गृहकर्मशाळा आणि ‘इंडियन स्काउट’ (१९२०–१९६७)

१

यंत्रांचा इतिहास बहुधा कारखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कल्पना कोणाला सुचली, पेटंट कोणी घेतले, उत्पादन केव्हा सुरू झाले व केव्हा थांबले, या गोष्टींच्या नोंदी कारखान्यांच्या दप्तरांत व सरकारी कागदपत्रांत सापडतात; इतिहासकार साहजिकच त्यांच्याकडे वळतो. यंत्र विकले गेल्यावर त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र मागे पडतो. वास्तविक कोणत्याही यंत्राचे बहुतेक आयुष्य कारखान्याबाहेर, मालकाच्या दारात आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या हातांत जाते. या दीर्घ आयुष्याची साधने विखुरलेली असतात. मोडलेला भाग, बदललेला भाग, कानशीने घासलेली कड अशा रूपांत ती उरतात. ती वाचण्याची सवय इतिहासकाराला अद्याप पुरेशी लागलेली नाही.

मोटारसायकल या यंत्राच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटारसायकल चालविणारा आणि ती दुरुस्त करणारा हे बहुतांशी एकच गृहस्थ असत. यंत्र उघडे होते. एंजिन, कार्बुरेटर, साखळी, ब्रेकच्या तारा हे सर्व नजरेसमोर व हाताच्या टप्प्यात असे. अशा यंत्राची देखभाल घरच्या घरी करणे ही हौस नव्हती, ती वापराची अटच होती. या देखभालीतून काही मालक पुढे गेले आणि त्यांनी यंत्रात मूलभूत बदल घडवून आणले. देखभाल आणि रूपांतर या दोन क्रिया सामान्यतः वेगळ्या समजल्या जातात. पहिलीचा हेतू यंत्र मूळ स्थितीत ठेवणे हा, तर दुसरीचा ते मूळ स्थितीपासून दूर नेणे हा. प्रस्तुत निबंधात असे प्रतिपादन केले आहे की, घरगुती कर्मशाळेत या दोहोंमधील सीमारेषा टिकत नाही. रूपांतर हे देखभालीच्याच पोटी जन्म घेते. यासाठी न्यूझीलंडमधील हर्बर्ट जेम्स उर्फ बर्ट मन्रो (१८९९–१९७८) यांचे उदाहरण घेतले आहे. एकाच मोटारसायकलवर एका माणसाने चार दशकांहून अधिक काळ काम केल्याचे हे उदाहरण असल्याने देखभालीचे रूपांतरात पर्यवसान कसे होते, हे त्यात क्रमाने पाहता येते.

२

मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी झाला. त्यांचे बालपण न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या अगदी दक्षिण टोकाकडील एडनडेल या गावी शेतकरी कुटुंबात गेले. १९२० साली त्यांनी ‘इंडियन स्काउट’ ही नवी मोटारसायकल विकत घेतली. ‘इंडियन’ या नावाचा भारताशी संबंध नाही. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना उद्देशून ते घेतलेले होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे या कंपनीचा कारखाना होता. चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने स्काउटचा आराखडा केला होता. मन्रो यांच्या यंत्राचा एंजिन-क्रमांक ५० आर ६२७ असा होता. त्यावरून ते या नमुन्याच्या अगदी आरंभीच्या उत्पादनातले होते, हे कळते.

या यंत्राची घडण थोडी बारकाईने पाहणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व इतिहास तिच्यावर उभा आहे. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात, एकमेकांशी ४२ अंशांचा कोन करून बसविलेले दोन सिलिंडर, सुमारे ६०० घन सेंटिमीटर क्षमता, तीन गतींची गिअरपेटी आणि ताशी सुमारे ५५ मैल (सुमारे ८९ किलोमीटर) एवढा कमाल वेग, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. गिअरपेटी एंजिनाला घट्ट जोडलेली असून एंजिनाकडून तिच्याकडे शक्ती नेण्याचे काम साखळीऐवजी तेलात बुडालेली तिरप्या दात्यांची चाके करीत. त्या काळी अनेक मोटारसायकलींत हेच काम उघड्या साखळीवर किंवा पट्ट्यावर सोपविलेले असे. धूळ व चिखल यांमुळे ती लवकर झिजे. स्काउटचा हा भाग मात्र मजबूत होता. म्हणजे ज्या यंत्राचा मूळ वेग माफक होता, त्याचा पाया त्या वेगाच्या मानाने बराच भक्कम होता. रूपांतराला वाव मिळतो तो अशाच यंत्रात.

झडपांची व्यवस्था मात्र जुन्या पद्धतीची होती. झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नसून बाजूला होत्या. या रचनेत ज्वलनाची जागा सिलिंडरच्या एका अंगाला पसरट होते, आत येणाऱ्या वायूला वळण घ्यावे लागते आणि त्याचे फार संपीडन करता येत नाही. ही रचना स्वस्त, शांत व देखभालीला सोपी. परंतु अधिक शक्ती मिळविण्याच्या दृष्टीने तिच्या मर्यादा ठळक आहेत.

त्या काळच्या मालकाला एंजिन वारंवार उघडावे लागे. तत्कालीन इंधन व तेल यांमुळे दट्ट्याच्या माथ्यावर व झडपांभोवती काजळीचा कठीण थर साचे, एंजिन ठोके देऊ लागे व त्याची ओढ कमी होई. मग सिलिंडर उतरवून काजळी खरवडणे, झडपा त्यांच्या बैठकीवर घासून पुन्हा नीट बसविणे, दट्ट्याची कडी तपासणे हे काम मालक घरीच करीत असे. एंजिन उघडल्यावर काजळी खरवडणारा हात वायूच्या वाटेतील ओबडधोबड कड घासून गुळगुळीत करण्याकडे वळला, तर त्यात नवल नाही. घासणारी कानस तीच आणि पाहणारा डोळाही तोच. देखभालीतून रूपांतर निघते ते प्रथम अशा अगदी साध्या अर्थाने.

३

मन्रो यांनी आपल्या स्काउटमध्ये बदल करण्यास १९२६ च्या सुमारास आरंभ केला. तेव्हापासून त्यांच्या प्रयत्नांना आकार देणाऱ्या तीन परिस्थिती लक्षात घेतल्या पाहिजेत.

पहिली परिस्थिती अंतराची. त्यांचे कार्यक्षेत्र असलेले इन्व्हरकार्गिल हे शहर स्प्रिंगफील्डच्या कारखान्यापासून जवळजवळ अर्ध्या जगाच्या अंतरावर होते. सुटा भाग मागवायचा तर तो बोटीने यायचा. पुढे १९३८ मध्ये न्यूझीलंडच्या मजूर पक्षाच्या सरकारने परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर परवाना-पद्धती लागू केली आणि परदेशी यंत्रसामग्री मिळविणे आणखी अवघड झाले. शेवटी १९५३ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील इंडियनचे उत्पादनच थांबले. ज्या कारखान्याने हे यंत्र बनविले तो आता नवा भाग देऊ शकत नव्हता. त्यानंतर मन्रो यांच्या स्काउटला तिच्या मालकाखेरीज दुसरा कर्ता उरला नाही, असे म्हणता येईल.

दुसरी परिस्थिती व्यवसायाची. मन्रो मोटारसायकली विकण्याचे व दुरुस्त करण्याचे काम करीत. दिवसा दुकानात इतरांची यंत्रे आणि रात्री घरी स्वतःचे यंत्र, असा त्यांचा क्रम होता. नाना प्रकारच्या एंजिनांत कोणता भाग कोठे मोडतो याचे ज्ञान त्यांना असे पोटापाण्याच्या उद्योगातून मिळाले. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नोकरी सोडली आणि आपल्या कर्मशाळेतच बिऱ्हाड केले. घर आणि कर्मशाळा यांतील भेद येथे उलट्या बाजूने मिटला.

तिसरी परिस्थिती मैदानाची. इन्व्हरकार्गिलनजीक ओरेटी नावाचा लांबलचक समुद्रकिनारा आहे. ओहोटीच्या वेळी तेथील वाळू कठीण व सपाट होते आणि स्थानिक मोटारसायकलस्वारांच्या शर्यती त्यावर होत. घरी केलेला बदल थोड्याच अंतरावर प्रत्यक्ष वेगाने तपासून पाहण्याची सोय मन्रो यांना अशी मिळाली. कारखान्यातील अभियंत्याजवळ परीक्षणाचे यंत्र असते. मन्रो यांच्याजवळ किनारा होता. १९४० मध्ये त्यांनी खुल्या रस्त्यावर ताशी १२०.८ मैलांचा न्यूझीलंडचा विक्रम केला आणि १९५७ मध्ये किनाऱ्यावरील ताशी १३१.३८ मैलांचा. मूळ वेगाच्या दुपटीहून हे आकडे पुढे गेले होते.

४

एवढा वेग कशाने साधला, हे पाहण्यापूर्वी त्यातील अडचणीचे मोजमाप ध्यानात घेणे इष्ट होय. मोटारसायकल वेगाने जाऊ लागली म्हणजे तिचा मुख्य विरोधक हवा असतो. हवेवर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती आठपट हवी. ५५ मैलांवरून १८४ मैलांपर्यंत जाणे म्हणजे वेग सुमारे ३.३५ पट करणे. इतर सर्व परिस्थिती कायम धरल्यास त्यासाठी सदतीस पटींहून अधिक शक्ती लागेल. मन्रो यांनी एंजिनाची क्षमता ६०० वरून शेवटी ९५० घन सेंटिमीटरपर्यंत वाढविली. ही वाढ दीडपटीहून थोडीच अधिक. केवळ आकार वाढवून हे काम होण्यासारखे नव्हते, हे यावरून उघड होते. बाकीचे अंतर एंजिनाचा श्वास मोकळा करून, संपीडन व फेऱ्या वाढवून आणि हवेचा विरोध घटवून कापावे लागले.

मन्रो यांनी बाजूच्या झडपांची मूळ व्यवस्था काढून टाकून झडपा सिलिंडरच्या डोक्यावर आणल्या. हा बदल म्हणजे एका भागाच्या जागी दुसरा भाग बसविणे नव्हे. त्यासाठी नवी डोकी, नवे सिलिंडर, नव्या ढकलदांड्या व नवे कॅम अशी सबंध साखळीच बदलावी लागते. यांपैकी कोणताही भाग बाजारात तयार मिळण्यासारखा नव्हता. सिलिंडरसाठी त्यांनी जमिनीखाली घातल्या जाणाऱ्या गॅसच्या बिडाच्या नळांचे तुकडे वापरले. दीर्घकाळ वापरलेले बीड आतील ताण निवळल्यामुळे घडवल्यावर आपला आकार सहसा बदलत नाही, हे यंत्रकामात परिचित असलेले तत्त्व या निवडीला अनुकूल होते. कनेक्टिंग रॉड त्यांनी ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून हाताने घडविले. या भागावर येणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; फेऱ्या दुप्पट झाल्या की ताण चौपट होतो. संथ एंजिनासाठी केलेला मूळ रॉड वेगवान एंजिनात टिकणार नव्हता. शेतातील अवजड यंत्राचा धक्के सोसणारा आस हे त्यांच्या परिसरात सहज मिळणारे उत्तम पोलाद होते.

दट्ट्ये त्यांनी स्वतः ओतले. जुने डबे आणि वाळू यांचे साचे करून त्यांत वितळलेला धातू ओतायचा आणि थंड झालेला ओबडधोबड गोळा घडवून-कातून त्याला आकार द्यायचा, अशी ही रीत. दट्ट्या हा भाग दिसायला साधा, परंतु करायला कठीण आहे. ॲल्युमिनियमचा दट्ट्या बिडाच्या सिलिंडरपेक्षा उष्णतेने अधिक फुगतो. दोहोंमध्ये फट कमी ठेवली तर तो आतच जाम होतो, जास्त ठेवली तर दाब निसटतो. किती फट ठेवावी हे मिश्रधातूवर, ओतकामाच्या प्रतीवर आणि एंजिन किती तापते यावर अवलंबून असते. घरच्या भट्टीत ओतलेल्या प्रत्येक दट्ट्याचा स्वभाव थोडा निराळा असणार. तो समजण्याचा मार्ग एकच : बसवून पाहणे, चालवून पाहणे, मोडला तर का मोडला ते पाहणे आणि पुन्हा ओतणे. मोजमापासाठी त्यांनी चाकाच्या जुन्या आरीपासून स्वतःचा मायक्रोमीटर तयार केल्याचे सांगितले जाते. साधन गरिबीचे असले तरी मोजण्याचा आग्रह शास्त्रीय होता.

येथे त्यांच्या कर्मशाळेतील एका फळीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. जळालेले दट्ट्ये, तुटलेले रॉड, फुटलेले भाग त्यांनी टाकून दिले नाहीत; ते फळीवर मांडून ठेवले आणि त्यांवर ‘वेगाच्या देवतेला अर्पण’ अशा अर्थाची अक्षरे लिहिली. यातील विनोद उघड आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने ही फळी म्हणजे एक दप्तरखाना होता. प्रयोगशाळेच्या वहीत फसलेल्या प्रयोगांची नोंद जे काम करते, तेच काम येथे मोडक्या वस्तूंनी केले. भंगलेल्या पृष्ठभागावरून भाग हळूहळू चिरत गेला की एका झटक्यात तुटला, कोणत्या बाजूने तापला, तेल कोठे पोहोचले नाही, हे जाणकाराला वाचता येते. अशा वस्तू जपणारा माणूस केवळ हौशी कारागीर राहत नाही. तो आपल्या अपयशांचा अभ्यासक होतो.

यावरून मूळ मुद्दा अधिक स्पष्ट होतो. मन्रो यांच्या कामाचा क्रम असा दिसतो : शक्ती वाढविली की एखादा भाग मोडे, तो दुरुस्त करताना पूर्वीपेक्षा मजबूत करावा लागे, तो मजबूत झाला की आणखी शक्ती वाढविण्यास जागा होई, मग दुसरा भाग मोडे. या साखळीत दुरुस्ती कोठे संपते आणि रूपांतर कोठे सुरू होते, हे सांगता येत नाही. प्रत्येक दुरुस्ती पुढील रूपांतराची पूर्वतयारी होती आणि प्रत्येक रूपांतर पुढील दुरुस्तीचे कारण.

५

अमेरिकेतील यूटा राज्यातील बॉनव्हिल येथे मिठाचे विस्तीर्ण, सपाट मैदान आहे. वेगाचे विक्रम तपासण्याचे ते जगप्रसिद्ध ठिकाण. मन्रो तेथे एकूण दहा वेळा गेले. त्यांतील पहिली खेप केवळ पाहणीची होती. हवेचा विरोध कमी करण्यासाठी संपूर्ण मोटारसायकल व तिच्यावर पालथा पडलेला स्वार यांना वेढणारे निमुळते कवचही त्यांनी घरीच केले होते. १९६२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ८५० घन सेंटिमीटर क्षमतेच्या एंजिनावर त्यांनी ८८३ घन सेंटिमीटरच्या गटात ताशी १७८.९५ मैलांचा विक्रम केला. १९६६ मध्ये १,००० घन सेंटिमीटरच्या गटात ताशी सुमारे १६८ मैलांची नोंद झाली. हा आकडा आधीच्या आकड्याहून कमी आहे. तरीही तो विक्रम ठरला, कारण गट निराळा होता. १९६७ मध्ये ९५० घन सेंटिमीटरच्या एंजिनावर त्याच गटात ताशी १८३.५८६ मैलांची नोंद करण्यात आली. त्याच वर्षी एका दिशेच्या पात्रता-फेरीत त्यांनी ताशी १९०.०७ मैल (सुमारे ३०६ किलोमीटर) एवढा वेग गाठला. तेव्हा स्वाराचे वय ६८ आणि यंत्राचे ४७ वर्षे होते.

साधनचिकित्सेच्या दृष्टीने १९६७ च्या आकड्याचा पुढील इतिहास उद्बोधक आहे. विक्रम ठरविताना दोन विरुद्ध दिशांनी घेतलेल्या फेऱ्यांची सरासरी धरली जाते, म्हणजे वाऱ्याचा फायदा-तोटा निघून जातो. मन्रो यांच्या दोन फेऱ्यांचे वेग ताशी १८४.७१० व १८३.४६३ मैल असे नोंदले गेले होते. त्यांची सरासरी १८४.०८७ येते, १८३.५८६ येत नाही. ही चूक मन्रो यांचे पुत्र जॉन यांच्या ध्यानात आली आणि २०१४ मध्ये, म्हणजे मन्रो यांच्या निधनानंतर ३६ वर्षांनी, अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनने नोंद दुरुस्त केली. घरच्या कर्मशाळेत आरीच्या मायक्रोमीटरवर झालेले मोजमाप कसोटीला उतरले आणि अधिकृत संस्थेची साधी बेरीज-भागाकारातील चूक मात्र जवळजवळ अर्धे शतक तशीच राहिली. संस्थेचा शिक्का असलेला आकडा आपोआप विश्वसनीय आणि घरगुती मोजमाप आपोआप संशयास्पद, हा संकेत निदान येथे तरी टिकत नाही.

दुसरे साधन चित्रपटाचे. रॉजर डोनाल्डसन यांनी मन्रो यांच्या हयातीत, १९७१ मध्ये, त्यांच्यावर अनुबोधपट काढला आणि २००५ मध्ये ‘द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन’ हा कथापट. या दुसऱ्या चित्रपटामुळे मन्रो यांचे नाव जगभर झाले; परंतु त्यात अनेक वर्षांच्या खेपा एकाच प्रवासात गुंफल्या आहेत. कथेची ती गरज असेल. पण त्यामुळे वर्षानुवर्षांचे ओतणे, मोडणे व पुन्हा ओतणे मागे पडून एका विजयी धावेचे चित्र मनावर ठसते. जे खरोखर घडले ते त्याहून संथ, आणि म्हणूनच अभ्यासाला अधिक मोलाचे आहे.

६

मन्रो यांच्या उदाहरणाचे दोन अर्थ प्रचलित आहेत. पहिला राष्ट्रीय स्वभावाचा. न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांच्या कुंपणांसाठी आठ नंबरची तार वापरली जाई आणि त्या तारेने काहीही दुरुस्त करणारा माणूस हे त्या देशाने स्वतःचे प्रतीक मानले आहे. मन्रो यांना याच परंपरेत बसविले जाते. दुसरा अर्थ एकाकी प्रतिभेचा. दोन्ही अर्थांत तथ्यांश आहे, पण दोन्ही अपुरे आहेत. टंचाईने माणूस कल्पक होतो हे खरे धरले, तरी तीच टंचाई सोसणाऱ्या हजारो मालकांनी आपली यंत्रे केवळ चालती ठेवली, हेही लक्षात घेतले पाहिजे. एकाकीपणाविषयी म्हणावयाचे, तर दुकानातील रोजचा अनुभव, किनाऱ्यावरील शर्यती आणि बॉनव्हिलची तपासणी यांवाचून हे काम उभेच राहिले नसते.

समकालीन ब्रिटनशी तुलना केल्यास मन्रो यांचे वेगळेपण नेमके कळते. तेथे १९५० व १९६० या दशकांत तरुणांनी नॉर्टनच्या चौकटीत ट्रायम्फचे एंजिन बसवून ‘ट्रायटन’ नावाची संकरित मोटारसायकल घरोघरी केली. १९५० मध्ये शर्यतींत आलेली नॉर्टनची ‘फेदरबेड’ चौकट उत्कृष्ट आणि ट्रायम्फचे जोड-सिलिंडरी एंजिन जोमदार. दोहोंचा संयोग ही बुद्धीची निवड होती. फिल अर्व्हिंग या अभियंत्याचा ‘ट्यूनिंग फॉर स्पीड’ हा १९४८ चा ग्रंथ अशा हौशी मंडळींच्या हाती होता. म्हणजे ब्रिटनमधील गृहकर्मशाळेच्या मागे कारखाने, जुन्या भागांचा बाजार व छापील ग्रंथ उभे होते. तेथील रूपांतर प्रामुख्याने निवडीचे व जुळणीचे होते. मन्रो यांच्या मागे यांपैकी फार थोडे होते. त्यांचे रूपांतर घडणीचे होते. कारखाना जेवढा दूर, तेवढे मालकाला धातूच्या अधिक खोलात उतरावे लागते, असा निष्कर्ष या तुलनेतून निघतो.

एक आक्षेप उरतो. सिलिंडर, दट्ट्ये, रॉड, झडपा, कवच हे सर्व नवे असताना तिला १९२० ची स्काउट का म्हणावे? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेनाने मिनांदर राजापुढे रथाचा जो प्रश्न मांडला, त्याच जातीचा हा प्रश्न आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे. या सर्वांच्या संबंधाला रथ हे नाव आहे. स्काउटच्या बाबतीतही एंजिन-क्रमांकाहून अधिक महत्त्वाचे सातत्य आहे ते कामाचे. कोणत्याही एका दिवशी जुने यंत्र टाकून नवे घेतले गेले नाही. प्रत्येक नवा भाग उरलेल्या जुन्या भागांशी जुळवूनच घडविला गेला. यंत्राची ओळख त्याच्या देखभालीच्या अखंडतेत आहे, असे उत्तर या उदाहरणातून मिळते.

या उत्तराचे महत्त्व एका मोटारसायकलीपुरते नाही. यंत्र उघडून पाहण्याचा, त्याचा भाग स्वतः करण्याचा आणि त्यात बदल करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पुढील काळात अधिक तीव्र झाला. एंजिनाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक यंत्रणांकडे गेल्यावर मालकाचा हात यंत्राच्या बाहेरच थांबू लागला. त्यात सुरक्षितता, प्रदूषण-नियंत्रण व टिकाऊपणा यांचे लाभ निश्चित आहेत, आणि घरगुती रूपांतरातील धोकेही लहान नाहीत. मन्रो यांनाही अनेक वार अपघात सोसावे लागले. परंतु देखभालीचा हात काढून घेतला म्हणजे त्याच्या पोटी जन्मणारे ज्ञानही थांबते. हे ज्ञान कारखान्याच्या ज्ञानाची निकृष्ट प्रत नव्हते. कारखान्याने ज्या यंत्राचे काम १९५३ मध्ये संपले असे मानले, त्याच यंत्राचा सर्वांत मोठा वेग त्यानंतर चौदा वर्षांनी नोंदला गेला. तंत्रविद्येचा इतिहास लिहिणाऱ्याने उत्पादनाची अखेर ही यंत्राच्या इतिहासाची अखेर समजू नये, एवढा बोध तरी यातून घेण्यासारखा आहे.